दोन साखळ्यांचं अंतर

जमीन मोजणाऱ्या माणसाला गावात कोणी जेवायला बोलावत नाही. बोलावलंच तर भांडणाऱ्या दोघांपैकी एक जण बोलावतो, आणि मग दुसरा वरती अर्ज करतो. त्यामुळे मी डबा बरोबर नेत असे आणि कुठल्या तरी बांधावर दोन्ही पक्षांकडे पाठ करून खात असे. मोजणी खात्यातल्या माझ्या पहिल्या साहेबांनी मला एकच धडा दिला होता: ज्याचं मोजशील तो तुझा वैरी होईल, तेव्हा पाणीसुद्धा आपलं प्यायचं.

नाशिकला बदली होऊन आलो तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. आई-वडील गेलेले, एक बहीण नागपूरकडे, ती दिवाळीला पत्र पाठवायची. लग्नाचं दोन-तीनदा जुळत आलं आणि राहिलं. नंतर लोकांनी विचारणं सोडलं आणि मीही. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागे एक खोली घेतली. पहाटे चारला टोपल्या उतरवणाऱ्यांच्या आरडाओरड्याने जाग येई, आणि खरं सांगतो, मला ते बरं वाटे. कुणी का ओरडेना, माणसाचा आवाज होता. संध्याकाळी खाणावळीत भिंतीकडे तोंड करून बसायचो. भिंतीकडे तोंड करणाऱ्याला वाढपी दुसऱ्यांदा भाजी विचारत नाही, हे तिथे कळलं. तरी मी जागा बदलली नाही. माझा स्वभावच तसा आहे, कुढत बसेन पण हात वर करणार नाही.

अंपायर झालो तो असाच. गावाबाहेरच्या मैदानावर रविवारी क्लबांच्या मॅचेस होत. मी बाभळीखाली सायकल टेकवून बघत बसे. एकदा अंपायर आलाच नाही. क्लबचे सेक्रेटरी इकडेतिकडे बघत माझ्याकडे आले. "साहेब, नियम माहीत आहेत का? मग उभे राहा ना." मी उभा राहिलो, तो पुढे सहा-सात वर्षं उभाच होतो. आठवडाभर मोजणीच्या शिव्या, रविवारी अंपायरिंगच्या. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस, दुसरं काय. पण एक फरक होता. मैदानावर शिव्या देणारा माणूस चहाच्या वेळी स्वतःहून ग्लास माझ्या हातात देई. एवढ्यासाठी मी आठवडा ढकलायचो.

आमच्याकडे तेव्हा गवताचं पिच नव्हतं. कडक मातीवर काथ्याची चटई अंथरायची, ताणून कडेने खिळे ठोकायचे आणि तिच्यावर खेळायचं. ही चटई एका म्हाताऱ्या चाचांच्या ताब्यात असे. पूर्वी ते गोणपाटं शिवत, हात सुईदोऱ्याला बसलेला. चटईवर त्यांचा जीव होता. खेळाडूंनी खिळ्यांचे बूट घालून तिच्यावर पाय ठेवला तर ते सुतळी ओवलेला दाभण घेऊन अंगावर धावून येत. मॅच संपली की झाडून, गुंडाळून, खांद्यावर टाकून शेडमध्ये नेत. दर वर्षी दिवाळीच्या आधी ते चटई उन्हात पसरून बसत, दोन्ही टोकांना जेवढं उसवलं असेल तेवढं कापत आणि नवी किनार दुमडून शिवत. "किनार गेली की चटई गेली साहेब," ते म्हणत. "कपडा आणि माणूस, दोन्ही किनारीपासून फाटतात." मग ते टोकापासून मोजून पांढऱ्या रंगाने रेघा मारत. स्टंप चटईच्या टोकाला लागून ठोकायचे, ही रीत. चटई म्हणजे पिच, आणि पिच म्हणजे बावीस यार्ड, हे कुणी कुणाला विचारायची गरज नव्हती.

बाहेरगावचे संघ आमच्या मैदानावर यायला कचरत. "नाशिकची चटई लई फास्ट," असा तिचा लौकिक होता. आम्हाला त्याचा अभिमान होता.

तो पोरगा आला ते आणीबाणी नुकतीच उठली होती तेव्हा. पोरगा म्हणतो खरं, पण एकोणीस वर्षांचा, माझ्याहून वीतभर उंच. वडील द्वारकेच्या नाक्यावर ट्रक भरायचं काम करत, आणि तोही सकाळी तिथेच पोती फेकून मग दुपारी मैदानावर येई. त्यांच्या वसाहतीत चौदा एप्रिलला टेनिस बॉलच्या मॅचेस होत, तिथे सेक्रेटरींनी त्याला पाहिला होता. पहिल्या दिवशी त्याने टाकलेला पहिला बॉल मला दिसलाच नाही. मी स्टंपांमागे उभा, माझ्या शेजारून काहीतरी गेलं, आणि समोरचा फलंदाज, गावातला नावाजलेला, बॅट वर उचलूनच उभा होता. विकेटकीपर हात झटकत होता. सेक्रेटरींनी मांडवातून ओरडून विचारलं, "काय झालं?"

आज हे कुणाला पटणार नाही, पण तेव्हा आपल्या देशाला फास्ट बोलर ही चीज माहीत नव्हती. कसोटी सामन्यात नव्या बॉलची लकाकी घालवण्यापुरते कुणीतरी दोन-चार ओव्हर टाकत आणि मग फिरकीवाले यायचे. रेडिओवर ऐकताना आपल्या लोकांना बाहेरच्या देशांत बरगड्यांवर बॉल बसायचे आणि आपण नुसते चुकचुकायचो. म्हणून या पोराला पाहिल्यावर जे मला वाटलं तेच सगळ्यांना वाटलं. हा देशाकडून खेळणार. पानाच्या ठेल्यावर, वाचनालयात, आमच्या ऑफिसातसुद्धा लोक बोलू लागले. नाशिकचा पोरगा परदेशात जाऊन गोऱ्यांच्या बरगड्या मोजणार, असं एक जण म्हणाला. मोजणीचा शब्द आल्यामुळे मला ते वाक्य फार आवडलं.

बोलिंगच्या आधी बोलर आपला स्वेटर अंपायरकडे देतो. त्याचा स्वेटर आईने विणलेला होता, लाल, कोपरांना निराळ्या रंगाची लोकर. तो मी कमरेला बांधून उभा राहत असे. हिवाळ्यात सकाळी त्याची ऊब पोटाला लागे. कुणी हसेल तर हसो, पण दुसऱ्या माणसाचा कपडा इतका वेळ अंगाजवळ असणं ही गोष्ट माझ्या आयुष्यात त्या आधी बरीच वर्षं घडलेली नव्हती.

स्पेल संपला की स्वेटर घ्यायला तो येई आणि न चुकता विचारी, "भाऊसाहेब, आज कसा पडला?"

गावोगाव मला सगळे साहेब म्हणत, पाठीमागे बरंच काही म्हणत. भाऊसाहेब म्हणणारा तो एकटाच. मी सांगायचो, दुसऱ्या ओव्हरचा चौथा चांगला होता, पाचवा लेगला गेला. तो मान डोलवी. चटईच्या मध्याच्या पुढे चाचांनी एक ठिगळ लावलेलं होतं, ते त्याने निशाणी धरली होती. ठिगळाच्या हातभर पुढे बॉल पडला की फलंदाजाला पुढेही येता येत नसे आणि मागेही जाता येत नसे. संध्याकाळी मी सायकल हातात धरून त्याच्याबरोबर द्वारकेपर्यंत चालत जायचो. तो बोलायचा, मी ऐकायचो.

"भाऊसाहेब, तिकडं ऑस्ट्रेलियात पिच लय टणक असतंय म्हणं. आपल्या चटईवानी?"

"त्याहून टणक."

"मंग तर माझा बॉल डोक्यावरूनच जाईल हो."

"गेला तर वाइड देतील."

यावर तो एवढा हसला की रस्त्यावरचे लोक बघायला लागले. मीही हसलो. खाणावळीत त्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून बसलो नाही.

त्या हिवाळ्यात पुण्याहून एक निवड समितीतले गृहस्थ मॅच बघायला आले. पोराने सहा विकेट घेतल्या. गृहस्थांनी चहा पिता पिता सेक्रेटरींना सांगितलं, "याला घेऊन या पुण्याला. असा वेग मी या वयात पाहिलेला नाही. नीट सांभाळला तर हा देशाकडून खेळेल." दहा दिवसांनी पुण्याला नेटमध्ये चाचणी ठरली. सेक्रेटरींकडे तेव्हा घरचं लग्न होतं, म्हणून बरोबर मी जायचं ठरलं. मी चार वर्षांत पहिल्यांदा रजेचा अर्ज केला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती काम' लिहिलं, आणि लिहून झाल्यावर तो शब्द थोडा वेळ बघत बसलो.

दुसऱ्याच दिवशी मी जवळच, हरसूलच्या वाटेवरच्या एका डोंगरउताराच्या वावराची मोजणी करून परत येत होतो. सायकलच्या कॅरिअरवर पोत्यात साखळी होती. मीटर आले होते, पण आमच्या ऑफिसात जुनी साखळी चालू होती, तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची. एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त. आणि क्रिकेटचं पिच म्हणजे बरोब्बर दोन साखळ्या, सहासष्ट फूट. ही गंमत मला पोराला दाखवायची होती. मैदानावर पोचलो तर तो अजून आलेला नव्हता. चटई अंथरलेली, स्टंप ठोकलेले. चाचा शेडमध्ये नमाज पढत होते. म्हटलं, आधी स्वतः एकदा लावून बघू.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एका टोकाच्या स्टंपांशी खुंटी रोवली, साखळी ताणली, खूण केली, पुन्हा ताणली. दुसऱ्या टोकाचे स्टंप आले आणि साखळी पुढे उरली. दोन आणे. चार फुटांहून जास्त.

मला वाटलं माझंच चुकलं. उलट्या बाजूने मोजलं. तेच. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा चटईच्या टोकाची नवी शिवण माझ्या बुटाजवळ होती, आणि सगळं एकदम लक्षात आलं. दहा वर्षं चाचा दर दिवाळीला दोन्ही टोकं कापत होते. एका टोकाला दोन बोटं कापलेली, दोन दुमडलेली. चटई मायेने, निगुतीने, वर्षाला पाचेक इंच आखूड होत गेली होती, आणि तिच्याबरोबर पिच. नाशिकची चटई फास्ट होती कारण ती आखूड होती.

मी घाईघाईने साखळी गोळा केली. चाचा बाहेर आले. "काय मोजताय साहेब? जागा सरकार घेणार की काय?"

"नाही हो. साखळीच्या कड्या तपासत होतो."

पोरगा आला. बॉल घेऊन रनअपवर पळत सुटला. ठिगळाच्या हातभर पुढे. फलंदाज मागे सरकला आणि स्टंप उडाला. मी बघत होतो आणि पहिल्यांदाच फलंदाज मला लवकर सापडलेला वाटत होता. वेग खराच होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. कुठल्याही पिचवर तो खराच राहिला असता. पण चार फूट म्हणजे थोडं नव्हे. इथला चांगला टप्पा तिथे चार फूट आखूड पडून आपटबार ठरणार होता. उपाय सोपा होता. स्टंप चटईच्या बाहेर दोन-दोन फूट मागे ठोकायचे आणि नऊ दिवस त्याला नव्या टप्प्याची सवय करायची. तो एवढा ताकदीचा होता, एवढ्या लवकर शिकायचा, की नऊ दिवस पुरले असते. खरं तर चारही पुरले असते.

मी बोललो नाही.

का नाही, याची कारणं मी तेव्हा स्वतःला भरपूर दिली. त्याचा विश्वास डळमळेल. चाचांना कळलं तर म्हातारा खचेल. पुण्याचे गृहस्थ म्हणतील, यांनी आखूड पिचवर आम्हाला फसवलं. सगळी कारणं खरी होती आणि एकही खरं नव्हतं. खरं कारण हे, की पुऱ्या जिल्ह्यात मी जिथे जिथे साखळी टाकली तिथे तिथे लोकांनी माझ्याकडे पाठ फिरवली होती. ही एकच जागा होती जिथे माझी वाट बघितली जायची. तिथे मी जाऊन म्हणायचं, की तुमचं दोन आणे कमी आहे? सेक्रेटरी, चाचा, पोरगा, सगळ्यांच्या स्वप्नाचं माप मी काढायचं? मला पुन्हा बांधावर एकटं जेवायचं नव्हतं. म्हणून मी मूग गिळून बसलो. रोज संध्याकाळी ठरवायचो की आज सांगू, आणि रोज तो विचारायचा, "भाऊसाहेब, कसा पडला?" आणि मी म्हणायचो, "छान."

पुण्याला आम्ही आदल्या दिवशी पोचलो. सकाळी नेटमध्ये गेलो. हिरवट, रोलर फिरवलेलं पिच, माझ्या डोळ्यांना ते अंगणाएवढं लांब दिसत होतं. मी जाळीच्या मागे उभा राहिलो. स्वेटर त्याने माझ्याकडेच दिला.

पहिला बॉल त्याने टाकला तो आमच्या हिशेबाने ठिगळाच्या हातभर पुढे. फलंदाजाने मागे जाऊन, निवांत, तो मिडविकेटला मारला. दुसरा तसाच. तिसरा त्याने आणखी जोरात टाकला, तोही आपटला आणि वर आला आणि मारला गेला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी जाळीतून एवढंच म्हणायला हवं होतं, की चार फूट पुढे टाक. चार शब्द. मी हाताने नुसतं 'चालू दे' असं केलं. मग त्याने पुढे टाकायला बघितलं तर फुलटॉस पडले. त्याला काही उमगेना. आपल्याच हाताकडे तो बघत होता, एखाद्याची भरवशाची वस्तू बिघडावी तसा. पुढे पुढे त्याचं धावणंही मोडलं. दहा-बारा मिनिटांनी त्या गृहस्थांनी दुसऱ्या पोराला बोलावलं. जाताना ते माझ्याशी सौजन्याने बोलले. "मोठ्या ठिकाणी येऊन घाबरतात मुलं. पुढच्या वर्षी बघू."

मी "हो" म्हणालो.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता. नारायणगाव गेल्यावर त्याने विचारलं.

"भाऊसाहेब, एक विचारू? हसणार नाय ना? तिथलं पिच लांब होतं का हो?"

त्याच्या अंगाला कळलं होतं. कुणी न सांगता, साखळीशिवाय, त्याच्या खांद्याला ते चार फूट कळले होते. आणि मी, ज्याचं पोट मापावर चालतं, मी म्हणालो, "वेडा आहेस का? पिच सगळीकडे सारखंच असतं. बावीस यार्ड."

"हां," तो म्हणाला. मग खिडकीकडे बघतच म्हणाला, "म्हंजी घाबरलोच असंल मी."

संगमनेर आलं, सिन्नर आलं. सांगायला चार तास होते. मी त्याचा स्वेटर मांडीवर घेऊन बसलो होतो. उतरताना तो त्याच्याकडे दिला.

नंतर तो थोडे दिवस मैदानावर आला. पण आता प्रत्येक बॉलच्या आधी थांबून काहीतरी विचार करी, आणि विचार करणाऱ्या फास्ट बोलरचं काही खरं नसतं. गावाने पटकन ठरवून टाकलं. घाबरला. त्याच्या वडिलांनी द्वारकेवर मला स्वतः सांगितलं, "आपली पोरं तिथं गेली की गळपटतात साहेब. तुम्ही तरी काय करणार." पुढच्या हंगामात तो आला नाही. ट्रकवर क्लीनर म्हणून गेला, असं कळलं. त्याच्या पुढच्या वर्षी चाचा गेले आणि क्लबने नवी चटई आणली, दुकानातून पूर्ण मापाची. सगळे बोलर कुरकुरत होते. "नवी चटई स्लो आहे. जुन्या चटईची मजा नाही." त्या हंगामानंतर मी अंपायरिंग सोडलं. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. कुणी फारसा आग्रह केला नाही.

देशाला मधल्या काळात फास्ट बोलर मिळाला. दुसऱ्या गावचा, दुसऱ्या कुणाचा. विश्वचषकही आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकेवर ट्रकवाल्यांनी पेढे वाटले, रस्ता अडवून गुलाल उधळला. मी सायकलवरून उतरून उभा राहिलो, एकेका तोंडाकडे बघत. तो कुठे दिसला नाही. मला एक पेढा मिळाला. तो मी खोलीवर नेऊन खाल्ला, कारण एकट्याने गर्दीत खाताना मला अवघडल्यासारखं होतं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी माझ्या टेबलावर एक अर्ज आला. गावाबाहेर एक गुंठ्याचा प्लॉट, हद्द कायम करून मिळणेबाबत. अर्जदाराचं नाव वाचलं आणि तो कागद मी दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. दुसऱ्या कुणाला देता आला असता. दिला नाही.

तो प्लॉटवर आधीच येऊन उभा होता. सत्ताविसाचा असेल, अंगाने भरलेला, आता स्वतः ट्रक चालवत होता. बायको बरोबर होती. मला बघून धावत आला, पायाशी वाकला.

"एजंट म्हणत होता, मोजणीवाल्याचं काय खरं नसतं, कुणाकडूनबी मोजून घे. मी म्हणलं, नाय. आमच्या भाऊसाहेबांनी जन्मात खोटं माप दिलं नसंल." मग बायकोला म्हणाला, "हेच ते. माझा स्वेटर सांभाळायचे."

तिने तांब्या पुढे केला. इतक्या वर्षांत मोजणीच्या जागेवर मी कुणाच्या हातचं पाणी प्यालो नव्हतो. त्या दिवशी प्यालो.

साखळी मी मुद्दाम जुनीच आणली होती. का ते सांगता येणार नाही. तो म्हणाला, "मी धरतो एक टोक." आम्ही हद्दीच्या दगडाशी आलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "एक गुंठा म्हणजे एक साखळी लांब, एक साखळी रुंद. तुझी ही एक बाजू म्हणजे अर्धं पिच आहे."

तो हसला, तेच जुनं हसणं. "अर्धं तर अर्धं. पिच तर मिळालं. म्हंजी पुरं पिच दोन साखळ्या का, भाऊसाहेब?"

"दोन साखळ्या," मी म्हणालो. आणि मग थांबता आलं नाही. "आपल्या चटईचं तेवढं नव्हतं. दोन आणे कमी होतं. चार फूट. चाचा टोकं कापायचे ना दर वर्षी. मी मोजलं होतं."

तो साखळीचं टोक धरून उभा होता. हसणं तोंडावर तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

"कधी मोजलं?"

"पुण्याच्या आधी. नऊ दिवस."

मी वाट बघत होतो. त्याने मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं, हे अगदी खरं लिहितो. पण तो माझ्याकडे बघतही नव्हता. तो बायकोकडे वळला, आणि लहान मुलाने घरी येऊन सांगावं तसा म्हणाला, "ऐकलं का? मी घाबरलो नव्हतो त्या दिवशी. पिच लांब होतं."

तिला काय कळलं कोण जाणे. तिने मान हलवली आणि रिकामा तांब्या उचलून घेतला.

मग तो दगडाजवळ उकिडवा बसला. साखळीची कडी दगडावरच्या खुणेला नीट लावली, अंगठ्याने दाबून धरली आणि वर न बघता म्हणाला, "ओढा, साहेब. ढिली सोडू नका."

साहेब म्हणाला. भाऊसाहेब म्हणाला नाही. मी साखळी ओढली.